बाबा गेले तो वार

बाबांच्या दुसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला, जेवणं आटोपल्यावर, दादाने पुन्हा ती गोष्ट सांगायला घेतली. सतरंजीवर नातेवाईक पसरलेले, कोणी सुपारी कातरतंय, कोणी भिंतीला टेकून पेंगतंय, आणि माझा मोठा भाऊ मधोमध मांडी घालून सांगतोय की बाबा गेले तेव्हा तो त्यांच्या उशाशी कसा बसला होता. हॉस्पिटलची खाट, वर कुरकुरणारा पंखा, खिडकीला हिरवा पडदा. बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पोरा, आईला सांभाळ." मग डोळे मिटले. इथे दादाचा आवाज दाटतो. दर वेळी इथेच दाटतो. आमची आत्या पदर डोळ्याला लावते आणि म्हणते, "पुण्यवान रे तू."

मी स्वयंपाकघराच्या दारात खिरीचं पातेलं घेऊन उभी होते. कोणाला आणखी हवी का, एवढंच विचारायला आले होते. ते विचारायचं राहून गेलं.

बाबा गेले तेव्हा त्यांच्याजवळ मी होते. दादा नव्हता. खाट नव्हती, पंखा नव्हता, पडदा तर नव्हताच. आणि बाबांनी जन्मात कुणाला 'पोरा' म्हटलं नाही. दादाला ते नावाने हाक मारायचे, आणि चिडले की 'साहेब' म्हणायचे. हे वाक्य दादाने कुठल्यातरी सिनेमातून उचललं असावं, किंवा कुठूनच नाही. अशी वाक्यं हवेतच असतात, बाप मेला की ती आपोआप तोंडात येतात.

मी पालघरला एका शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी आडवळणाने विचारायला नको. बोईसरला आईबाबांसोबत राहत आले, आता आईसोबत राहते. दादा पुण्याला एका मोठ्या कंपनीत आहे. तो फोन करतो. फोन करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. बाबांची गोळी, आईचे गुडघे, नळाचा वॉशर, हे सगळं माझ्याकडे होतं, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. मला कोणी पुण्यवान म्हणावं अशीही अपेक्षा नव्हती. पण बाबांच्या शेवटच्या श्वासाला त्यांच्याजवळ मी होते, ही एकच गोष्ट अशी होती की जी मी कधी कोणाला वाटून दिली नसती. तीच माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या ताटात वाढली जात होती.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. बाबा तरुणपणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. अशा घरात भिंतीवरचं कॅलेंडर दुधाचे खाडे मांडायला असतं. खरा काळ कामाच्या पाळीने मोजतात. आई सांगायची की दादा झाला तेव्हा बाबांची पहिली पाळी होती, दुपारी घरी येता येताच बातमी कळली आणि ते पेढे घेऊन तसेच माघारी कारखान्याच्या गेटवर गेले. मी झाले तेव्हा रात्रपाळी होती. सकाळी ते आले, अंघोळ केली, मला पाहिलं आणि झोपले. आई हे हसत हसत सांगायची. मीही हसायचे.

आणि आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. बाहेरच्या माणसाच्या हे पटकन ध्यानात येत नाही. विजेचा भार वाटला जावा म्हणून वेगवेगळ्या भागांतल्या कारखान्यांना वेगवेगळे वार दिलेले होते, आमच्या वाट्याला शुक्रवार आला. त्यामुळे आमच्या वस्तीत मटण शुक्रवारी शिजतं, केस शुक्रवारी कापले जातात, मुलगी बघायला पाहुणे शुक्रवारी येतात आणि बरीचशी भांडणंही शुक्रवारीच होतात. लहानपणी आमची शाळा रविवारी बंद असायची आणि बाबा शुक्रवारी घरी असायचे. सगळे मिळून घरात असा वारच आमच्या आठवड्यात नव्हता.

बाबा गेले तो शुक्रवार होता. मे महिना, माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. सकाळपासून त्यांना दम लागत होता आणि जेवायच्या वेळेपर्यंत ओठ निळसर दिसायला लागले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मी जिन्यात जाऊन हाका मारल्या. शुक्रवार होता म्हणून हाकेला माणसं होती. बायकामुलं गावी गेलेली, घराघरात पुरुष एकटे. कोणी कपडे पिळत होता, कोणाचे हात कणकेत होते. खालच्या मजल्यावरचे काका, बाबांच्याच कारखान्यातले, बनियनवरच धावत आले. चौघांनी बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून जिन्याने खाली नेलं. वळणावर खुर्ची भिंतीला घासली तेव्हा बाबा दम टाकत म्हणाले, "सांभाळून, पोपडे निघतील." भिंतीची काळजी. स्वतःचा जीव चाललेला माणूस सोसायटीच्या रंगाची काळजी करत होता.

बोईसरच्या दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला आणि पालघरला हलवा म्हणाले. ॲम्ब्युलन्समध्ये मागे बाबा आणि मी. आई पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, कारण तिचे गुडघे मागची पायरी चढू देईनात. काका मागून मोटारसायकलवर. रस्ता नेहमीसारखाच, समोर कंटेनर, बाजूला कंटेनर, भोंगा वाजवून वाजवून ड्रायव्हर थकला तरी कोणी हलेना. उमरोळीपाशी गाडी जवळजवळ थांबलीच. बाबांनी बोटाने तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "कुठं आलो गं?"

"उमरोळी आली, बाबा."

"मग आलंच की पालघर," ते म्हणाले.

त्यांच्या ओठांना मी पाणी लावलं, मास्क पुन्हा बसवला, आणि त्यांचा हात धरला. काही वेळाने तो हात जड झाला. एवढंच. कुठलाही निरोप नाही, कोणाला सांभाळायचं सांगणं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गेटवर वेळेत पोचायची चिंता केली, तो शेवटीही कुठवर आलो एवढंच विचारून गेला. पालघरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं म्हणून सगळ्यांच्या लेखी बाबा पालघरला गेले. ते उमरोळीला गेले, हे मला माहीत आहे.

दादाला मी त्याआधी बोईसरहूनच फोन लावला होता. तो मीटिंगमध्ये होता, उचलला नाही. दुपार कलल्यावर त्याचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या हॉस्पिटलच्या आवारात झाडाखाली उभी होते. अशा वेळी माणूस बोलत सुटतो. मीही सगळं सांगितलं. खुर्ची, जिना, ओठांना लावलेलं पाणी, हातात धरलेला हात. "नशीब सुट्टी होती," असंही म्हणाले, "बिल्डिंगमधले सगळे घरी होते, म्हणून तरी खाली उतरवता आलं." दादा फोनवर ढसाढसा रडला. रात्री तो पोचला तेव्हा बाबांना बर्फावर ठेवलेलं होतं.

दहाव्याच्या दिवशी तो लोकांना सांगत होता, "मी फोनवर होतो." ते ठीकच होतं, कोणत्या वेळी फोनवर होता ते कोणी विचारलं नाही. दिवाळीत मामाकडे बोलताना म्हणाला, "मी निघालोच होतो, वाटेत होतो." वर्षश्राद्धाला, "मी पोचलो तेव्हा श्वास चालू होता." आणि आता दुसऱ्या वर्षी थेट उशाशी. दर खेपेला तो पुण्याहून थोडा थोडा सरकत जवळ आला आणि शेवटी माझ्या जागेवर येऊन बसला.

सुरुवातीला मला वाटलं, खोटं बोलतोय. खोटं बोलणाऱ्या माणसावर चिडणं सोपं असतं. पण त्या दिवशी पंख्याचं कुरकुरणं त्याने तोंडाने करून दाखवलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की हा पंखा मला माहीत आहे. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्याला बरीच वर्षं झाली. बोईसरच्या एका लहानशा हॉस्पिटलमध्ये, हिरव्या पडद्याच्या खोलीत. तेव्हा दादा खरंच रजा काढून आला होता आणि बाबांच्या उशाशी बसला होता. त्याने ती खोली उचलली आणि बाबांचं मरण नेऊन त्यात ठेवलं. त्याला बापाच्या मरणाला बसायला जागाच नव्हती, मग जी होती ती वापरली.

नातेवाईक पांगल्यावर मी त्याला गॅलरीत गाठलं. तो बडीशेप चघळत उभा होता. मी विचारलं, "दादा, बाबा गेले तो कोणता वार होता?"

"रविवार," तो पटकन म्हणाला. विचार करायलासुद्धा थांबला नाही. "सुट्टी होती ना. सगळी बिल्डिंग घरी होती, खालचे काका होते, म्हणून तर त्यांना खाली आणता आलं."

माझं वाक्य, जसंच्या तसं. फक्त पुण्यात सुट्टी रविवारी असते. इथून गेलेल्या माणसाच्या डोक्यात आमचा शुक्रवार इतक्या वर्षांनी कशाला राहील? सगळे घरी होते म्हणजे रविवार. रविवार म्हणजे त्यालाही सुट्टी. सुट्टी म्हणजे तो बापाजवळ असणारच. त्याच्या मेंदूने ही एवढी बेरीज परस्पर करून टाकली होती, त्याला न विचारता.

"शुक्रवार होता," मी म्हटलं. "आपल्याकडे सुट्टी शुक्रवारी असते. तू विसरलास. तू ऑफिसात होतास दादा. मीटिंगमध्ये. मी फोन केला, तू उचलला नाहीस."

त्याचा चेहरा मी नीट पाहिला. चोरी पकडल्यासारखा झाला नाही तो. ओळखीच्या रस्त्यावर अचानक भिंत आल्यावर माणूस थबकतो, तसा थबकला. बडीशेप चघळायचा थांबला. मला क्षणभर वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल की हो गं, तूच होतीस.

"माझ्या डोळ्यांसमोर आहे सगळं," तो म्हणाला. "पंखासुद्धा."

"तो हर्नियाच्या वेळचा पंखा आहे."

"म्हणजे मला वेड लागलंय का?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग काय सिद्ध करायचंय तुला? आज बाबांचं श्राद्ध, आणि तू वार काढत बसलीयस." मग जरा थांबून, स्वतःशीच हिशोब जुळवत तो म्हणाला, "शुक्रवार तर शुक्रवार. मी रजा टाकली असेल."

बघता बघता भिंतीत दार पडलं आणि तो त्यातून निघून गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो खोटारडा असता तर बरं झालं असतं, असं मला त्या गॅलरीत मनापासून वाटलं. खोटारड्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं.

खालचे काका अजून तिथेच राहतात. ते मोटारसायकलवर मागून आले होते, ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं तेव्हा आत कोण होतं ते त्यांनी पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, काका, काल दादा सांगत होता तेव्हा तुम्ही समोरच बसला होतात. काही बोलला नाहीत.

"काय बोलायचं?" काका म्हणाले. "लोकांसमोर पोराचं तोंड पाडायचं का?"

"पण मी होते ना काका."

"तू होतीसच की. तू असणारच. तू घरातच असतेस." मग आवाज मऊ करून म्हणाले, "मुलगा जवळ होता म्हटलं की बरं वाटतं गं ऐकायला. तुझ्या बाबांनाही बरं वाटलं असतं."

मी चहा अर्धा ठेवून उठले. मुलगा जवळ असायला हवा, म्हणून तो होता. मुलगी असतेच, म्हणून ती कोणाला दिसत नाही, जशी खोलीतली ट्यूबलाइट. माझ्या भावाने एकट्याने माझी जागा घेतली नव्हती. सगळ्यांनी मिळून त्याला पाट मांडून दिला होता.

उरली आई. ती पुढच्या सीटवर होती. पालघरला उतरल्यावर तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं, "हिनं पाणी लावलं ओठाला. हिच्या हातात गेले." पहिलं वर्षभर ती हे सांगायची आणि मला त्यापलीकडे काही लागत नव्हतं. मग ती विसरायला लागली. आधी गॅस, मग वार, मग जेवलो की नाही ते. मी शाळेत असते तेव्हा तिच्याजवळ शेजारच्या पाम गावच्या एक मावशी येऊन बसतात. त्यांच्या सांगण्यावरूनच मला खरं काय चाललंय ते कळायला लागलं. "बाई, आय आज दारात जाऊन उभी रायली," त्या म्हणायच्या. "बोलते, आमचे येतील आता कामावरून, त्यांना डबा देयाचा हाय."

आईला पालघरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण माणूस, घाईतला, पण बोलायला चांगला. त्यांनी आईला विचारलं, "आजी, आज कोणता वार?"

"ह्यांची दुसरी पाळी चालू हाय," आई म्हणाली. "रात्री येत्याल."

"आणि आता आपण कुठे आहोत?"

"बोईसरात, दुसरं कुठं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, करंगळीएवढा एक भाग असतो म्हणाले. काय घडलं ते मेंदूत ठिकठिकाणी ठेवलेलं असतं, चेहरा एकीकडे, आवाज एकीकडे, वास तिसरीकडे. ते कुठे घडलं आणि केव्हा घडलं याच्याशी त्याची गाठ मारायचं काम हा भाग करतो. आजींच्या गाठी सुटत चालल्यात. गोष्टी आहेत, पण त्यांना जागा आणि वेळ राहिलेली नाही.

मी विचारलं, "आणि ज्याला काही आजार नाही त्याचं? धडधाकट माणूस, चांगल्या नोकरीतला. तो जिथे नव्हताच तिथलं त्याला कसं आठवतं?"

ते हसले. "हे तर सगळ्यांचंच होतं. आठवण काढतो म्हणजे आपण ती दर वेळी नव्याने जुळवतो. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांतला फरक सगळ्यात आधी पुसला जातो. मनात चित्र स्पष्ट असलं की माणसाला वाटतं, मी तिथे होतो. त्यात त्याचा काही दोष नसतो."

दोष नसतो. एवढं शिकून, एवढा मेंदू उघडून, शास्त्राने माझ्या भावाला निर्दोष सोडून दिलं. मी हात जोडले आणि बाहेर आले. पण मनात आलं, मेंदू चुकतो हे मान्य, मग कधी उलट्या बाजूने का चुकत नाही? ज्या रात्री बाबांना उलट्या झाल्या आणि मी घमेलं धरून बसले, ती रात्र दादाला स्वतःची म्हणून कधी आठवली नाही. चादरी धुतल्याचं आठवलं नाही. मेंदू चुकूनमाकून बरोबर मानाच्या पाटावरच जाऊन बसतो.

आणि आईची आठवण तर दादा स्वतःच नव्याने जुळवून देत होता. तो आठवड्याला व्हिडिओ कॉल करतो. मावशी तिच्यासमोर फोन धरतात. "आई, आठवतं ना, बाबांचा हात मी धरला होता?" असं तो विचारतो, प्रेमानेच विचारतो, तिला काहीतरी आठवावं म्हणून. आई आधी नुसती बघायची. मग मान हलवायला लागली. मग स्वतःच सांगायला लागली. एकदा मावशी मला म्हणाल्या, "दादांचा फोन आला का आयला बरा वाटते. मंग दिसभर तेच सांगते, पोराने हात धरला होता." मावशींना वाटलं, मला ऐकून आनंद होईल.

मी रोज तिला दुरुस्त करायला लागले. आई, दादा नव्हता, मी होते. ती "व्हय का" म्हणायची आणि जेवण संपेपर्यंत पुन्हा दादा यायचा. मी आवाज चढवला की ती घाबरायची. पुढे पुढे ती मला 'बाई' म्हणायला लागली. मावशी म्हणतात ते ऐकून.

परवा आईला पुन्हा डॉक्टरांना दाखवून परत येताना मी रिक्षा केली होती. रिक्षावाला उत्तरेकडचा मुलगा. उमरोळी जवळ आली तसं माझ्या मनात आलं की डॉक्टर म्हणतात ना, जागेची गाठ असते, मग जागाच दाखवू. मी म्हटलं, "भैया, जरा साइड में रोको." त्याला वाटलं म्हातारीला लघवीला लागलंय, त्याने अदबीने तोंड फिरवलं.

आईला धरून मी रस्त्याच्या कडेला उतरवलं. तीच जागा. तशीच वाहनं, तसाच धुरळा, पलीकडे शेतं. आई इकडे तिकडे बघत होती.

"इथं का थांबलो? पंक्चर झाली का?"

"नाही," मी म्हटलं. "आठवतं का काही? या रस्त्याने आपण गाडीतून चाललो होतो. तू पुढे बसली होतीस."

ती आठवायचा प्रयत्न करत होती, ते तिच्या कपाळावर दिसत होतं. मग तिने सोडून दिलं. मीही दमले होते. 'तुझा नवरा' म्हणायची, 'आपले बाबा' म्हणायची ताकद राहिली नव्हती. एखाद्या परक्या बाईला सांगावं तसं मी सांगितलं, "माझे वडील गेले इथं. दवाखान्यात नेत होतो, पोचायच्या आत गेले."

"अरेरे," आई म्हणाली. ती मनापासून हळहळली. "लई त्रास झाला का त्यांना?"

"नाही. कुठं आलो विचारलं आणि गेले."

"जवळ कोण होतं?"

"मी होते," मी म्हटलं. "त्यांचा हात माझ्या हातात होता. ओठांना पाणी लावलं होतं मी."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी हे सगळं न तोडता, न दुरुस्त करता ऐकत होतं. आईने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. तिला पटलं होतं. सगळं तंतोतंत खरं, तिच्या तोंडावर सांगितलं होतं आणि तिने ते एका शब्दाने खोडलं नाही.

"नशीब लागतं बाई त्याला," ती म्हणाली. "आमचे गेले तवा माझा ल्योक होता जवळ. लेकीला न्हाई जमलं यायला."

रिक्षावाला मागे वळून बघत होता, निघायचं का म्हणून. मी तिला दंडाला धरून आत बसवत होते, तेवढ्यात तिने मला जवळ ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तिच्यापाशी बोलू नका हां हे. वाईट वाटंल तिला."